सोंगें, फांसे आणि परका राक्षस

मनुष्य खेळतो कशासाठीं, या प्रश्नाचीं उत्तरें पंडितांनीं नाना प्रकारचीं दिलीं आहेत. पण अमुक एक खेळ चांगला कीं वाईट, हें ठरविण्याचें काम बहुधा घरांतील वडील माणसांवर पडतें, आणि तीं तें खेळ न पाहतांच उरकून टाकतात. गेल्या कांहीं वर्षांत सुशिक्षित कुटुंबांतील मुलामुलींना ज्या एका खेळाचा छंद लागला आहे, त्याची हीच दशा झाली आहे. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं मुलगा कानांत हेडफोन घालून बसतो, आणि मधूनच "मी दार ढकलीत नाहीं, आधीं कान देऊन ऐकतों" असें कांहीं तरी बोलतो. आई धास्तावते, वडील रागावतात, आणि कोणीही त्याला तो कोणतें दार ढकलीत नाहीं हें विचारीत नाहीं. या खेळांचा विचार वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत व्हावा काय, अशी शंका कोणास येईल. पण जेथें कथा रचली जाते, पात्रें बोलतात आणि ऐकणाऱ्याचा श्वास रोखला जातो, तेथें टीकाकारास मज्जाव असण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

इंग्रजींत यास रोलप्लेइंग गेम म्हणतात. आम्ही सोंगांचा खेळ म्हणूं. त्याचें स्वरूप असें. चार-पांच जण एकत्र जमतात. त्यांपैकीं एक सूत्रधार होतो; बाकीचे एक एक सोंग घेतात : कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग उभा करतो आणि ज्यांचें सोंग कोणी घेतलेलें नाहीं अशा सर्वांच्या वतीनें बोलतो. राजा, सराईचा मालक, लांडगा, पाऊस, सर्व तोच. तो म्हणतो, "पुढें नदी आहे, पाणी चढत आहे, पलीकडे एक दिवा दिसतो, काय करतां?" ज्याचें त्यानें उत्तर द्यावयाचें. जेथें यशापयशाची शंका असेल तेथें फांसा टाकावयाचा, आणि तो जें सांगेल तें सूत्रधारासही मान्य करावें लागतें. कोणी जिंकत नाहीं, कोणी हरत नाहीं. शेवटीं हातीं राहते ती एक गोष्ट, आणि ती सर्वांची असते. पूर्वीं यासाठीं एका टेबलाभोंवतीं बसावें लागे. आतां हा खेळ इंटरनेटवरून चालतो, आणि २०२० च्या टाळेबंदीपासून तर पुष्कळांस हीच त्याची नेहमींची रीत झाली आहे.

हें सर्व परदेशी खूळ आहे, असें म्हणणाऱ्यांनीं थोडें आपल्या अंगणांत पाहावें. खापराहून सातपुड्याच्या बाजूस काठी म्हणून गांव आहे. तेथील होळी प्रसिद्ध आहे. त्या होळींत बावा, बुध्या हीं सोंगें घेणारे पुरुष कमरेला घुंगरू व दुधी भोपळे बांधतात, डोक्यावर मोरपिसांचे टोप घालतात, आणि आधींचे कांहीं दिवस कडक व्रत पाळतात. खाटेवर निजावयाचें नाहीं, ब्रह्मचर्य मोडावयाचें नाहीं. सोंग घेणें म्हणजे मन मानेल तसें वागणें नव्हे, तर एक निराळा नियम अंगावर घेणें होय, हें तत्त्व त्यांस कोणत्याही पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. याच जिल्ह्यांतील सोंगाड्या पार्टीचे नट लग्नांत व सणांत रात्रभर लोकांस खिळवून ठेवतात. फांशांविषयीं तर बोलावयासच नको. वनपर्वांतील नलोपाख्यानांत राजा ऋतुपर्ण रथांतून जातां जातां एका बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें मोजून सांगतो, आणि नळास अक्षहृदय, म्हणजे फांशांचें मर्म, शिकवितो. गणना आणि द्यूत यांचा संबंध आमच्या पूर्वजांस ठाऊक होता याचा हा सुंदर पुरावा आहे. शिवाय त्या काळीं फांसे म्हणून बेहड्याचींच फळें वापरीत. तो बेहडा आजही सातपुड्यांत उभा आहे. तेव्हां सोंगही आपलें आणि फांसाही आपला. परका आहे तो त्या दोहोंची सांगड घालणारा ग्रंथ.

त्या ग्रंथाचा इतिहास थोडक्यांत सांगणें अवश्य आहे, कारण निवडीचा प्रश्न त्यांतूनच निघाला आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. सैन्याच्या लहान बाहुल्या मांडून लढाया खेळण्याचा जो छंद तिकडे होता, त्यांतून हा जन्मला. म्हणूनच भुयार, शत्रू, तरवार आणि लूट हीं त्याच्या हाडींमासीं भिनलीं आहेत. १९९७ त त्याची मालकी विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेली आणि १९९९ त ती कंपनीच हॅस्ब्रो या खेळण्यांच्या मोठ्या व्यापाऱ्यानें विकत घेतली. २००० सालीं या कंपनीनें एक खुला परवाना काढला : आमच्या नियमांचा ठरावीक भाग घ्या, त्यावर आपलीं पुस्तकें रचा आणि खुशाल विका. या परवान्याच्या आधारावर शेंकडों लहान लेखकांनीं आपले संसार उभे केले. पुढें २०२३ च्या जानेवारींत तो परवाना मागें घेऊन अधिक जाचक अटींचा नवा लादण्याचा कंपनीचा बेत बाहेर फुटला. खेळणाऱ्यांत एवढा क्षोभ झाला कीं त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीनें बेत सोडून दिला आणि नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या परत न घेतां येणाऱ्या परवान्याखालीं खुला केला. पण एकदां उडालेला विश्वास अशा घोषणेनें परत येत नाहीं. "दुसरा कोणता खेळ घ्यावा?" हा प्रश्न तेव्हांपासून घरोघरच्या बैठकींत विचारला जात आहे.

येथें आम्हांस एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. मालकावर राग धरून खेळ सोडणें हें समजण्यासारखें असलें, तरी नव्या खेळाची निवड रागावर करूं नये. सासऱ्याशीं भांडण झालें म्हणून जांवई उपाशी राहिला, तर नुकसान सासऱ्याचें होत नाहीं. शिवाय नियमांचा गाभा आतां खुला झालेला असल्यामुळें मालकीविषयींचा आक्षेप अर्धा तरी मिटला आहे. सबब निवड करावयाची ती गुणांवर करावी. आणि कोणाकरितां निवडतों हें आधीं निश्चित करावें. ज्या मंडळीकरितां हा लेख लिहिला ती आमच्या डोळ्यांपुढें आहे. आमच्या खापरासारख्या गांवचीं चार मुलें. एक शिकण्यास नाशकास, एक पुण्यास, एक नोकरीनिमित्त सुरतेस, एक गांवींच. शाळेंत एका बाकावर बसलेलीं, आतां आठवड्यांतून एकदां रात्रीं भेटणारीं. हातीं संगणक थोड्यांच्या, मोबाइल सर्वांच्या. पावसाळ्यांत वीज व इंटरनेट दोन्ही एकदमच जातात. घरांत कोणाच्या भिली, कोणाच्या अहिराणी, कोणाच्या गुजराथी; आपसांत बोलण्याची भाषा मराठी. अशा मंडळीस कोणता खेळ द्यावा?

आमच्या मतें चार कसोट्या लावल्या पाहिजेत. खेळास नकाशाचें व यंत्राचें ओझें किती लागतें, ही पहिली. सूत्रधाराच्या डोक्यावर किती भार पडतो, ही दुसरी. खेळ कशाला बक्षीस देतो, ही तिसरी. कारण मुलें जें उपदेशानें शिकत नाहींत तें बक्षिसानें शिकतात, हें आम्ही शिक्षक पूर्ण जाणून आहों. आणि तो आपल्या भाषेंत आणतां येतो काय, ही चवथी. आमच्या दृष्टीनें हीच सर्वांत महत्त्वाची.

प्रथम मूळ खेळच या कसोट्यांवर घांसूं. १९७४ पासून त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. पांचवी आवृत्ति २०१४ सालीं निघाली आणि तिचें सुधारलेलें रूप २०२४ त आलें. तींत वीस बाजूंचा फांसा मुख्य आहे. त्याच्या प्रत्येक अंकाची शक्यता सारखी, शेंकडा पांच. म्हणजे अत्यंत मोठें यश, अत्यंत फजिती आणि मधला प्रसंग हीं सारख्याच वारंवार येतात. यामुळें खेळांत रंगत येते हें खरें, पण कुशल माणसाचीही फजिती फार वेळां होते. लढाई आली कीं नकाशा, चौकटी व पाळ्या आल्याच. चार सोंगांची एक चकमक तासभर चालते, आणि तेवढ्यांत ज्याची पाळी नाहीं तो मोबाइलवर दुसरेंच कांहीं उघडून बसतो. समोरासमोर बसल्यावर हें निभावतें, कारण थट्टा चालते, चहा फिरतो. इंटरनेटवर मात्र वाट पाहणें म्हणजे निव्वळ शांतता. तथापि या खेळाची एक बाजू मान्य केली पाहिजे : तो सर्वांस ठाऊक आहे, त्यामुळें शिकविणारा सहज भेटतो. रोल२० सारखीं, म्हणजे ब्राउझरमध्यें उघडणारीं, पट मांडून देणारीं स्थळेंही त्याच्याच भोंवतीं वाढलीं.

त्याचा सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धी 'पाथफाइंडर'. पैझो कंपनीनें तो २००९ त काढला. दुसरी आवृत्ति २०१९ ची, आणि परवान्याच्या गडबडीनंतर २०२३ त तिची सुधारलेली मांडणी निघाली. तिच्या रचनेचें कौतुक करावें तितकें थोडें. प्रत्येकास आपल्या पाळींत तीन कृत्यें. यश चार प्रतींचें, म्हणजे नुसतें जमलें किंवा फसलें एवढेंच नव्हे, तर किती जमलें व किती फसलें हेंही फांसाच सांगतो. शत्रूचें बळ तोलण्याचें गणित असें चोख कीं सूत्रधाराची निराशा क्वचितच व्हावी. सर्व नियम कंपनीच्या संमतीनें इंटरनेटवर फुकट वाचावयास ठेवले आहेत, हें तर औदार्यच. परंतु २०१९ चा मूळ ग्रंथ सहाशेंहून अधिक पानांचा होता. एवढे नियम डोक्यांत ठेवण्यापेक्षां ते यंत्राच्या हवालीं करावेत, अशी वृत्ति साहजिक होते. आणि फाउंड्रीसारख्या साधनांत ते खरोखरच यंत्र सांभाळतें. तें साधन एकट्या सूत्रधारानें एकदांच विकत घेतलें म्हणजे पुरतें, हेंही खरें. पण त्याला संगणक हवा, मोठा पडदा हवा आणि अखंड चालणारें इंटरनेट हवें. तात्पर्य, पाथफाइंडर हा ज्यांच्या घरीं हीं साधनें आहेत आणि ज्यांस वर्षानुवर्षें एकच खेळ खेळावयाचा आहे अशांसाठीं उत्तम वाडा आहे. पण आमची मंडळी अजून बिऱ्हाड शोधीत आहे.

दुसरें टोंक जुन्या वळणाच्या खेळांचें. गॅव्हिन नॉर्मन यांचा 'ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स' (२०१९) हा १९८१ च्या जुन्या डंजन्स अँड ड्रॅगन्सचीच स्वच्छ पुनर्मांडणी आहे. नियम थोडे, मरण स्वस्त. त्यांत अनुभवाचे गुण मुख्यतः मिळतात ते भुयारांतून बाहेर आणलेल्या सोन्याबद्दल. शत्रूस मारल्याबद्दल फारच थोडे. वरवर पाहतां ही द्रव्यलोभाची शिकवण वाटेल, पण परिणाम उलटा होतो. मारण्यांत लाभ नाहीं हें कळतांच मुलें लढाई टाळूं लागतात; बोलून, वळसा घालून, युक्ति करून काम साधतात. शुक्राचार्यांपासून चाणक्यापर्यंत आपल्या नीतिशास्त्रानें हेंच सांगितलें आहे. केल्सी डिऑन यांच्या 'शॅडोडार्क' (२०२३) या खेळांत याच वळणाची एक मजेदार कल्पना आहे : भुयारांतील मशाल घड्याळाच्या खऱ्या एका तासांत विझते. इंटरनेटवर मंडळी जेव्हां गप्पांत वाहवत जाते, तेव्हां ही मशाल तिला जागेवर आणते. पण मरणाचा हा सुकाळ नवशिक्यांस सोसत नाहीं. महिनाभर जपलेलें सोंग एका फांशानें गेलें, तर पुढच्या आठवड्यास तो मुलगा येईलच असें नाहीं. आणि गांवीं राहिलेल्या मित्राशीं असलेला तोच एक धागा असेल, तर तो तोडण्याइतका कोणताही नियम पवित्र नाहीं.

आतां तिसरा प्रकार, ज्याकडे आमचा कल आहे. सेज लाटोरा व अॅडम कोबेल यांचा 'डंजन वर्ल्ड' (२०१२). यास नकाशा लागत नाहीं, वीस बाजूंचा फांसाही लागत नाहीं. यश ठरविण्यास घरांतल्या ल्यूडोचे दोन फांसे पुरतात. बेरीज दहा किंवा अधिक आली तर काम फत्ते. सात ते नऊ आली तर काम होईल, पण कांहीं तरी मोजावें लागेल. सहा किंवा कमी आली तर सूत्रधार संकट उभें करील. ऋतुपर्णाची विद्या येथें थोडी चालवून पाहूं. दोन फांशांच्या छत्तीस जोड्या. कौशल्याची भर न घालतां त्यांपैकीं सहा जोड्यांत पूर्ण यश, पंधरांत अर्धें, पंधरांत अपयश. एकाची भर घातली, तर दहांत पूर्ण, सोळांत अर्धें आणि दहांत अपयश. म्हणजे बेतास बात माणसाच्या वांट्यास सर्वांत अधिक येतें तें अर्धें यश : दार उघडलें पण आवाज झाला, नदी ओलांडली पण शिधा भिजला. संसाराचा अनुभव असलेल्या वाचकांस हा हिशेब ओळखीचा वाटेल.

याहून आम्हांस भावलेली गोष्ट अशी कीं, या खेळांत फांसा फसला कीं खेळणाऱ्यास अनुभवाचा एक गुण मिळतो. तसेंच प्रत्येक बैठकीच्या शेवटीं सर्वांस विचारावयाचें असतें कीं, आज आपणांस या जगाविषयीं कांहीं नवें व महत्त्वाचें कळलें काय. कळलें असेल तर त्याबद्दलही गुण. ज्या विद्यार्थ्यांस बालपणापासून अपयश म्हणजे कलंक असेंच शिकविलें गेलें, ज्यांस एका परीक्षेंत दोन गुण कमी पडले म्हणून अन्नपाणी गोड लागत नाहीं, त्यांच्या हातीं अपयशास गुण देणारा एक तरी खेळ असावा, असें आमच्यासारख्या जन्मभर गुण देण्याचा धंदा केलेल्या माणसास मनापासून वाटतें.

दोष सांगितल्यावांचून गुणवर्णन पुरें होत नाहीं. डंजन वर्ल्डमध्यें लढाईंतही पाळी नाहीं. ज्यास सुचेल त्यानें बोलावें. समोरासमोर हें छान चालतें, कारण कोण बोलूं पाहत आहे तें चेहऱ्यावर दिसतें. इंटरनेटवर चेहरे दिसत नाहींत, दोघे एकदम बोलले कीं दोघांचाही आवाज तुटतो, आणि शेवटीं ज्याचा गळा मोठा व ज्याचें इंटरनेट पुण्याचें, त्याचीच गोष्ट पुढें सरकते. गांवचा मित्र, किंवा मंडळींत नवीन आलेली मुलगी, मुकाट ऐकत राहते. पाथफाइंडरची पाळी येथें न्यायाधीशाचें काम करते, हें मान्य केलें पाहिजे. यास उपाय एकच : सूत्रधारानें प्रत्येकास नांव घेऊन विचारावें, आणि ज्याचें इंटरनेट दुबळें त्यास आधीं विचारावें. दुसरा दोष असा कीं, नियम थोडे असल्यामुळें सूत्रधाराची प्रतिभा आटली कीं खेळ आटतो. म्हणून सूत्रधारकी आळीपाळीनें करावी. तिसरा असा कीं, सोंगाची वाढ दहाव्या पायरीस थांबते. वर्षानुवर्षें चालणारी कथा यांत ओढून ताणून लांबवावी लागते. पण चार मुलांच्या पहिल्या वर्षास तो पुरून उरतो.

आतां चवथी कसोटी. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जुन्या पुस्तकांपासून आजतागायत एक 'राक्षस' आढळतो. त्याचें डोकें वाघाचें, हातांचे तळवे उलटे, अंगावर उंची वस्त्रें. शब्द आमचा, पण रामायण ऐकत वाढलेल्या मुलास तो ओळखूं येणार नाहीं. एवढ्यावर हंसून सोडून द्यावें, तर सातपुड्यांत वाघदेव पूजला जातो. तेथील मुलास वाघाचें मुख हें कपटाचें चिन्ह वाटावें, हें आम्हांस पटत नाहीं. १९८० सालीं निघालेल्या देवादिकांच्या एका पुस्तकांत तर इंद्र, विष्णु, काली यांसही प्राणांक देऊन टाकले होते. म्हणजे अमुक इतके घाव बसले कीं देव मेला! लेखकांचा हेतु दुष्ट होता असें आम्ही म्हणत नाहीं. दूरच्या लोकांची पुराणें ज्यांस नुसतीं कपाटांतील पुस्तकें वाटतात, त्यांच्या हातून असें होतें. अलीकडे त्यांत पालट होत आहे. २०२२ च्या एका संग्रहांत मिमी मंडल या बंगाली लेखिकेनें बंगालच्या भूमीवरून सुचलेला एक प्रदेश रचला, आणि त्यांतील नदी व वन परक्याच्या डोळ्यांनीं पाहिलेलें वाटत नाहीं. तात्पर्य उघड आहे. आपलें जग आपण रचलें नाहीं, तर दुसरा कोणी तें रचील, आणि आपल्यालाच विकील.

इतर देशांनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. स्वीडनमध्यें १९८२ सालीं अमेरिकन नियमांच्या आधारें 'ड्राकार ओक डेमोनर' हा खेळ स्वीडिश भाषेंत निघाला. तो तेथें इतका रुजला कीं २०२३ त 'ड्रॅगनबेन' या नांवानें तोच इंग्रजींत उतरला. ज्यांनीं उसनें घेतलें त्यांनीं व्याजासह फेडलें. जर्मनींत १९८४ त, जपानांत १९८९ त, ब्राझीलमध्यें १९९९ त असेच स्वभाषेंतील खेळ निघाले. जपानच्या 'सोर्ड वर्ल्ड'नें तर परदेशी नाना बाजूंचे फांसे टाकून देऊन साधे सहा बाजूंचेच फांसे ठेवले. या देशांपाशीं होतें आणि आमच्यापाशीं नाहीं असें काय आहे? अद्भुताची परंपरा म्हणावी, तर हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. मराठी कादंबरीचा पाळणाच अद्भुतानें हलविला. पुढें वास्तवाच्या आग्रहापायीं आम्ही तें बाळपण लाजून लपवून ठेवलें. लोककथा म्हणाव्या, तर याहामोगी व राजा पांठा यांच्या कथा सातपुड्यांतील लोक आजही गातात, आणि महाशिवरात्रीस देवमोगऱ्याच्या यात्रेस नवें धान्य टोपलींत घेऊन जातात. उणीव आहे ती फक्त मनावर घेण्याची.

डंजन वर्ल्डचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सखालीं खुला आहे. मूळ कर्त्यांचें नांव देऊन कोणीही त्याचें भाषांतर करावें, त्यांत फेरफार करावा, विकावें सुद्धां. आमची पसंती त्यास आहे याचें अर्धें कारण हें आहे. मुलांनीं प्रथम तोच घ्यावा. नियमांचीं चार पानें मराठींत उतरवावीं. आणि उतरवितांना शब्द शोधावे. इंग्रजी शब्द तोंडांत असले तर सोंग इंग्रजी पुस्तकासारखें बोलतें. "मी चकवा देतों", "मी दबा धरून बसतों", "मी नवस बोलतों" असें म्हणतांच तेंच सोंग आपल्या मातीवर उभें राहतें. अहिराणी बोलणाऱ्यानें सराईच्या मालकास अहिराणींत बोलवावें, भिली बोलणाऱ्यानें वनांतील वाटाड्यास भिलींत. शाळेंत जी भाषा बोलावयास तीं मुलें बिचकलीं, ती येथें पात्राची भाषा म्हणून मानानें आंत येईल.

कोणी म्हणेल कीं, असें करतांना तुम्हीही अमेरिकनांसारखेच देवांस प्राणांक द्याल. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या देवतेची आज पूजा होते तिचें सोंग घेऊं नये आणि तिला पटावर आणूं नये. तिच्या राज्यांतील वाटा, डोंगर, दुष्काळ, बाजार, यात्रेकरू यांवर कथा रचाव्या. आणि त्या कथा ज्यांच्या आहेत, ते मंडळींत असतील तर शेवटचा शब्द त्यांचा असावा. काठीच्या होळींत सोंग घेणारा आधीं व्रत घेतो. आपणही एवढें व्रत घ्यावयास हरकत नसावी.

दुसरा कोणी म्हणेल, हा सर्व कालापव्यय आहे. एवढ्या वेळांत मुलगा अभ्यास करील. करील कदाचित्. पण तो वेळ बहुधा अभ्यासास जात नाहीं. दुसऱ्यानें रचलेलीं चित्रें अंगठ्यानें वर सरकविण्यांत जातो. त्यापेक्षां तीन तास स्वतःच्या तोंडानें वाक्यें रचणें, दुसऱ्याचें ऐकून आपलें बदलणें आणि फांशानें दिलेलें अपयश गोड मानून घेणें, हें कोणत्याही दृष्टीनें अधिक सकस आहे. फक्त बैठकीची वेळ ठरलेली असावी, आणि सुरुवात व शेवट दोन्ही घड्याळानें व्हावे.

तेव्हां आमचा निर्णय असा. साधनसंपन्न व चिकट मंडळीनें पाथफाइंडर घ्यावा. ज्यांस मरणाची भीति नाहीं व युक्तीची हौस आहे त्यांनीं जुन्या वळणाचे खेळ घ्यावे. ज्यांस डंजन्स अँड ड्रॅगन्स चांगला येतो व रुचतो त्यांनीं तो केवळ मालकाच्या रागानें टाकूं नये. आणि विखुरलेल्या, मोबाइलवर भेटणाऱ्या, मराठींत बोलणाऱ्या नवशिक्या मंडळीनें डंजन वर्ल्डपासून आरंभ करावा, पण तेथें थांबूं नये. वर्षभरानें त्यांच्या वहींत जीं सोंगें, ज्या वाटा आणि जे राक्षस जमा होतील, ते कोणत्याही कंपनीच्या पुस्तकांत असणार नाहींत. ते त्यांनीं शुद्ध मराठींत लिहून काढावे आणि छापावयास पाठवावे. त्या वहीचें परीक्षण लिहिण्याची संधि या मासिकाच्या पानांत आम्हांस मिळाली, तर आम्ही ती आनंदानें घेऊं, आणि गुण देतांना हात आंखडणार नाहीं.